जित्याची खोड

जोराचा वारा सुटला की मँचेस्टरच्या मध्यवस्तीतली एक इमारत सूर लावते. शिट्टी म्हणावी तर तेवढी टोकदार नाही, घरघर म्हणावी तर तेवढी ओबडधोबड नाही. मध्ये श्वास न घेता लावलेला एकच लांबलचक सूर, कधी कधी रात्रभर. या भागात नव्याने राहायला आलेला माणूस आधी फ्रिज तपासतो, मग भिंतीला कान लावतो आणि शेवटी खिडकी उघडतो. जुना माणूस नुसती कूस बदलतो.

ही इमारत म्हणजे बीटम टॉवर. २००६ साली पुरा झालेला, १६९ मीटर उंच, ४७ मजल्यांचा. खाली हॉटेल, वर घरं. तेविसाव्या मजल्याशी इमारतीचं अंग चार मीटर पुढे सरकतं, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती आता आपल्यावर येते की काय असं वाटतं. हा नखरा मुद्दाम केलेला. सूर मात्र कुणी मागितला नव्हता. माथ्यावर शोभेसाठी काचेचं एक उंच पातं उभं केलंय, वारा त्या काचांच्या कडा घासून गेला की ते गातं. २००७ मध्ये कडांना फोम लावून पाहिला. २०१० मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. आवाज कमी झाला, पण पुरता गेला नाही. जवळच ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या १९६० पासून चाललेल्या मालिकेचा सेट होता. तिथल्या चित्रीकरणातही हा सूर घुसायचा. दोन पात्रांचं कडाक्याचं भांडण चाललंय आणि मागे कुणीतरी शांतपणे आलाप लावून बसलंय! आर्किटेक्ट इयन सिम्पसन यांनी आपलं घर याच टॉवरच्या अगदी वरच्या मजल्यांवर केलं आणि आत इटलीहून आणलेली ऑलिव्हची झाडं लावली. म्हणजे पहिल्या रांगेतली जागा त्यांचीच.

एका वादळी रात्री मी हा आवाज मोबाइलवर पकडून लोअर परळला मामांना पाठवला. मामा चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. देवळात कुणी चुकीच्या पट्टीत आरती उचलली तर त्यांचा प्रसाद गोड लागत नाही. सकाळी उत्तर आलं, ‘पांढरी सात. किंचित उतरलेली. कोण वाजवतंय?’ पांढरी सात म्हणजे पेटीच्या सप्तकातली सातवी पांढरी पट्टी.

इथल्या वर्तमानपत्रांनीही त्या सुराची नोंद तशीच केलेली आहे, मधल्या ‘सी’च्या लगेच खालचा ‘बी’. इमारत वाजते हे काही मामांना पटलं नाही. "अगं, बांधणाऱ्याला सांगा, भाता कुठेतरी फाटलाय," म्हणाले.

तेव्हापासून मी इथल्या उंच इमारती मीटरमध्ये मोजायचं सोडून दिलं. कोण किती उंच, हे दर काही वर्षांनी बदलतं. कुणाची काय खोड, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इमारतीला तर खोड असली तरच ती जिती वाटते, असं माझं मत होत चाललंय.

आता सीआयएस टॉवरच घ्या. १९६२ ची इमारत, ११८ मीटर, पंचवीस मजले, को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स सोसायटीची. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग आणि कारखान्याची निवडणूक येते. पण १८४४ मध्ये ज्या रॉचडेलच्या विणकरांनी सहकारी दुकान काढलं, ते रॉचडेल इथून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर. त्यांच्या वारसदारांनी विमा विकून अमेरिकी थाटाची ही इमारत उठवली आणि चव्वेचाळीस वर्षं तिने शहरातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान सांभाळला. तिला लागून एक बिनखिडकीचा सरळसोट मनोरा आहे, लिफ्ट आणि जिने सामावणारा. त्यावर सुमारे एक कोटी चाळीस लाख चिमुकल्या मोझॅक टाइल्स चिकटवल्या होत्या. शहराच्या धुरकट हवेत त्या स्वच्छ राहतील असा हिशोब. स्वच्छ राहिल्या असतीलही, पण भिंतीवर राहायला तयार होईनात. इमारत पुरी होऊन वर्ष व्हायच्या आत टाइल्स सुटून खाली पडू लागल्या, कारण ऊनथंडीने फुगायला-आकसायला त्यांना सांधेच ठेवले नव्हते.

चाळीसेक वर्षं हा गळका मनोरा तसाच उभा होता. मग त्यावर काय चढवावं? सौर पॅनेल! सात हजारांहून अधिक निळी पॅनेल्स, खालपासून वरपर्यंत, आणि जुन्या टाइल्स त्यांच्याआड जिथल्या तिथे. ज्या गावाच्या पावसावर अख्ख्या इंग्लंडने विनोद केले, तिथे सूर्याच्या भरवशावर एवढा खर्च करायला छाती लागते. (पावसाचं म्हणाल तर बदनामी जास्त आहे. इथे वर्षभरात साधारण साडेआठशे मिलीमीटर पडतो. तेवढा मुंबईत एकट्या जुलैत कोसळतो. फरक इतकाच की मुंबईचा पाऊस काम उरकून जातो, इथला रोज थोडी हजेरी लावून जातो.)

त्याहून मागे जायचं तर आल्फ्रेड वॉटरहाउस. एकोणिसाव्या शतकातल्या या आर्किटेक्टने मँचेस्टरला दोन मनोरे दिले, एक तुरुंगाचा आणि एक टाउन हॉलचा. १८६८ च्या स्ट्रेंजवेज तुरुंगाचा मनोरा पाहिला की कुणालाही वाटतं, वर बंदूक घेतलेला पहारेकरी बसलाय. प्रत्यक्षात तो हवा खेळती ठेवण्यासाठी बांधलेला आहे. एवढा थाट निव्वळ कोंदट हवा बाहेर सोडायला! टाउन हॉल १८७७ चा, घड्याळाचा मनोरा पंच्याऐंशी मीटर. तबकड्यांवर बायबलमधली ओळ कोरली आहे, ‘आमचे दिवस मोजायला आम्हांला शिकव.’ कचेरीच्या घड्याळावर ही ओळ म्हणजे भक्ती की टोमणा, हे फाइल घेऊन आत गेलेल्यालाच ठाऊक.

त्या मनोऱ्यातल्या घंटेचं नाव ‘ग्रेट एबल’. एबल हेवूड या महापौरावरून पडलेलं. हा माणूस मला फार आवडतो. तरुणपणी, १८३२ मध्ये, सरकारी स्टॅम्प न लावलेलं गरिबांचं वर्तमानपत्र विकल्याबद्दल त्याने चार महिने तुरुंग भोगला होता. टाउन हॉल उभा राहिला तेव्हा तो महापौर होता. उद्घाटनाला व्हिक्टोरिया राणीला बोलावलं, ती आली नाही. मग त्यानेच उद्घाटन उरकलं. आणि आता त्याच्या नावाची आठ टनांची घंटा शहराला वेळ सांगते. निदान सांगत होती. २०१८ मध्ये इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली आणि पुढची काही वर्षं परांचीच्या आड गेली.

नेमकं त्याच साली मध्यवस्तीच्या दक्षिण टोकाला डीन्सगेट स्क्वेअरचा साउथ टॉवर बीटमच्या वर गेला. २०१ मीटर, साठाहून अधिक मजले. तो पुरा झाला तेव्हा लंडन सोडून देशात एवढं उंच काही नव्हतं. शेजारी त्याची तीन भावंडं आणि मग रांगच लागली. मेडलॉक नदीच्या त्या टापूत एकेकाळी पोलादी शेड आणि वाहनतळ होते. त्याही आधी, जरा पुढे कासलफील्डला, रोमनांनी इसवी सन ७९ च्या सुमारास किल्ला बांधला होता. १९८० च्या दशकात मध्यवस्तीत राहणारी माणसं अगदी मोजकी. ऑफिसं सुटली की उरायचे पब आणि कबुतरं. १९९६ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या दीड टनाच्या बॉम्बने बाजारपेठेचा मधला भाग उद्ध्वस्त केला. सुदैवाने एकही जीव गेला नाही. पण त्या निमित्ताने शहराने स्वतःकडे नव्याने पाहिलं आणि लोकांना परत मध्यात राहायला बोलावलं. आले. काचेच्या या टॉवरांत आज हजारो माणसं राहतात, तळमजल्यावर कॉफी पितात आणि लिफ्टची वाट पाहतात.

आता माझी तक्रार. हे नवे टॉवर फार शहाण्यासारखे वागतात. गात नाहीत, गळत नाहीत, तुरुंग भोगलेल्या कुणाचं नाव लावत नाहीत. बरेचसे एकाच विकासकाचे आणि एकाच आर्किटेक्ट मंडळींच्या हातचे. हे आर्किटेक्ट म्हणजे पुन्हा सिम्पसनच. बीटमचा विक्रम मोडला तोही त्यांच्याच ऑफिसाने. एका हाताची छाप एवढ्या आकाशावर पडावी का, असं म्हणायला तोंड उघडावं तर वॉटरहाउस आठवतो आणि तोंड मिटतं. त्याच्या काळातही कुणीतरी म्हणालं असेलच, की तुरुंगही याचाच आणि टाउन हॉलही याचाच, मग आम्ही उभं तरी कुठे राहायचं?

मामा मागच्या उन्हाळ्यात आले. त्यांना फुटबॉलच्या मैदानात काडीचा रस नव्हता, आल्या आल्या म्हणाले, "मला ओल्डहॅमला ने." तरुणपणी मामा गिरणीत सूतखात्यात बदली कामगार होते; ब्याऐंशीच्या संपात सगळंच गेलं. ज्या यंत्रावर ते उभे राहायचे त्याच्या बीडाच्या चौकटीवर उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असे, ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत याच कारखान्याची यंत्रं होती. "रोज नाव वाचलं, गाव बघायचं राहिलं," एवढंच त्यांचं म्हणणं. पिवळ्या ट्रामने आम्ही गेलो. ओल्डहॅम उंचावर आहे. माळावर उभं राहिलं की खाली मँचेस्टरचे टॉवर एका जागी दाटीवाटीने उभे दिसतात. मी मोठ्या उत्साहाने बोट केलं.

मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हे एवढंच?"

त्यांची तरी काय चूक? त्यांच्या चाळीजवळ श्रीनिवास मिलच्या जागेवर दोनशे ऐंशी मीटरचा वर्ल्ड वन उभा आहे. सकाळी दात घासताना मान वर करून ज्याने ते पाहिलंय, त्याला दोनशे मीटरचं काय कौतुक. पण परतताना अँकोट्समध्ये त्यांची पावलं रेंगाळली. तिथल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या सूतगिरण्या, लाल विटांच्या, सात-आठ मजल्यांच्या, जागच्या जागी आहेत आणि आत फ्लॅट झालेत. मामा एका गिरणीच्या दाराशी नावांच्या पाट्या वाचत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे गिरणी पाडून टॉवर केला. यांनी गिरणीतच बिऱ्हाडं थाटली. भाडं किती असेल गं?" भाडं सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

त्या मुक्कामात वारा काही आला नाही. बीटमखाली आम्ही चांगला अर्धा तास उभे राहिलो. मामांनी खिशातून पिच पाइप, म्हणजे स्वर जुळवायची फुंकणी, काढला, मुंबईहून मुद्दाम आणलेला, आणि पांढरी सात फुंकून इमारतीला आठवण करून दिली. तिने दाद दिली नाही. हॉटेलच्या दरवानाने मात्र दिली. काय चाललंय ते विचारायला आला आणि ऐकून घेतल्यावर स्वतःच तोंडाने तो सूर काढून दाखवला. मामांच्या मते दरवानाचा अर्धा स्वर चढा होता.

नव्या टॉवरांबद्दलचं माझं मत अलीकडे जरासं हललंय. त्यांनाही एक खोड फुटते आहे, फक्त ती माथ्याला नाही, पायाशी आहे. उंच सपाट भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरतो आणि कोपऱ्यावर नेम धरून बसतो. अशाच एका कोपऱ्यावर मागच्या आठवड्यात माझी छत्री उलटी झाली, पाऊस बाजूने आला आणि चष्म्याच्या आतून भिजले. पलीकडून एक आजोबा तिरके होऊन चालत येत होते. त्यांनी छत्री आणलीच नव्हती. माझ्या काड्यांकडे एकदा बघून म्हणाले, "पूर्वी बरं होतं हो, पाऊस वरून पडायचा." आणि कुठल्या टॉवरचा वारा कुठल्या कोपऱ्यावर चुकवायचा, ते बोटावर मोजून सांगू लागले.