सही एप्रिलची, हक्क मार्चचा

२०२५च्या एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलमध्ये एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं: इव्हान डेमिडोव्ह. रशियातल्या एसकेए सेंट पीटर्सबर्गचा १९ वर्षांचा पोरगा. तिथला करार मोडून तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाकडे आला, १४ एप्रिलला शिकागोविरुद्ध पहिल्याच सामन्यात एक गोल केला, एकाला हातभार लावला आणि पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध प्लेऑफलाही उतरला. आयपीएलवर वाढलेला माणूस इथे अडखळतोच. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग. तिची ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत, ७ मार्चला दुपारी तीनलाच संपली होती. मग महिनाभराने सही केलेला खेळाडू प्लेऑफमध्ये चालतो कसा? आणि त्याच सुमारास अमेरिकी कॉलेजांतून आलेली काही मुलं साखळी सामने खेळूनही प्लेऑफला प्रेक्षकांत का बसतात?

उत्तर रिझर्व्ह लिस्टमध्ये, म्हणजे संघाकडे हक्क असलेल्या खेळाडूंच्या यादीत आहे. प्रत्येक संघाला ९० नावांपर्यंत अशी यादी ठेवता येते. त्यात करार झालेले जास्तीत जास्त ५०. बाकीची नावं मुख्यतः ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क घेतात त्या निवडीत) निवडलेल्या, पण अजून सही न केलेल्या मुलांची. डेडलाइनच्या ठोक्याला ज्याचं नाव ज्या संघाच्या यादीत, तो त्याच संघाकडून प्लेऑफ खेळू शकतो. सही कधी केली याला महत्त्व नाही. मॉन्ट्रियलने डेमिडोव्हला २०२४च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलं होतं, त्यामुळे तो रशियात खेळत असतानाही यादीत होताच. ज्याला कुणीच ड्राफ्ट केलं नाही आणि ज्याने मार्चअखेर एखाद्या संघाशी करार केला, तो ७ मार्चला कुणाच्याच यादीत नव्हता. त्याला साखळी सामने मोकळे, प्लेऑफ बंद.

या नियमामुळे काय काय घडू शकतं, ते केल मकारच्या उदाहरणात दिसतं. कोलोरॅडोने त्याला २०१७मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं होतं. १३ एप्रिल २०१९ला तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून कॉलेजचा अंतिम सामना हरला, १४ला करारावर सही केली आणि १५ला कॅलगरीविरुद्ध प्लेऑफच्या तिसऱ्या सामन्यात उतरून गोल केला. एनएचएलचा एकही साखळी सामना तोवर खेळलेला नव्हता! २०२५मध्ये झीव्ह बुईयमही डेन्व्हर विद्यापीठाचा हंगाम संपताच मिनेसोटाकडून थेट प्लेऑफमध्येच आला.

युरोपातून येणाऱ्यांसाठी मध्ये आणखी एक अडसर आहे. एनएचएलचा हंगाम सुरू झाल्यावर तिकडच्या लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूला त्याच हंगामात एनएचएलमध्ये खेळायचं तर आधी वेव्हर्सवर जावं लागतं, म्हणजे बाकीच्या संघांना त्याला उचलायची संधी मिळते. २०११च्या जानेवारीत गोलरक्षक एव्हगेनी नाबोकोव्हने डेट्रॉइटशी करार केला आणि न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला मधल्यामध्ये उचललं. तो तिकडे रुजूच झाला नाही. ज्याने करार केला त्या डेट्रॉइटचे हात रिकामेच. ज्याचे हक्क ड्राफ्टपासून त्याच संघाकडे आहेत, त्याला मात्र यातून सूट असते. म्हणून डेमिडोव्ह सुखरूप पोहोचला आणि म्हणूनच २०१२च्या मार्चमध्ये अलेक्झांडर राडुलोव्ह रशियातल्या उफाहून नॅशव्हिलला परतू शकला. त्याचा हिशेब मात्र संघाला महाग पडला. नवोदित कराराचं उरलेलं शेवटचं वर्ष नऊ साखळी सामन्यांत आणि प्लेऑफच्या आठ सामन्यांत खर्ची पडलं, मध्येच रात्रीची वेळ न पाळल्याबद्दल संघाने त्याला बसवलं आणि उन्हाळ्यात तो पुन्हा रशियाला गेला. एप्रिलमध्ये घाईने सही घेणाऱ्या प्रत्येक संघाला हा प्रश्न असतो: मूठभर सामन्यांसाठी स्वस्त कराराचं एक अख्खं वर्ष जाळायचं का?

डेडलाइननंतर ट्रेड पूर्ण बंद होत नाहीत, पण तसा आलेला खेळाडू प्लेऑफला चालत नाही. वेव्हर्सवरून उचललेल्याचंही तेच. संघात २३च जण ठेवायची अट उठते, पण पगाराची कॅप (संघाच्या एकूण पगारावरची कमाल मर्यादा) कायम राहते आणि २०२४-२५मध्ये खालच्या लीगमधून, म्हणजे एएचएलमधून, फक्त चारच जणांना साध्या कारणाने वर बोलावता येत होतं (दुखापतींमुळे आलेली निकड वेगळी मोजतात). उलट बाजूने, एएचएलचं प्लेऑफ खेळायचं तर त्या तीनच्या ठोक्याला खेळाडू एएचएल संघात असावा लागतो. त्यासाठी संघ तरुण खेळाडूला दुपारी कागदावर खाली पाठवायचे आणि लगेच परत वर घ्यायचे. पोरगा शहराबाहेरही जायचा नाही. हे करायचं राहून गेलं तर एनएचएलमध्ये संघ बाद झाल्यावर तो पोरगा एएचएलच्या प्लेऑफलाही मुकायचा.

आता आपल्याकडे बघू. २०२५ची आयपीएल मे महिन्यात आठवडाभर थांबली. परत सुरू झाली तेव्हा काही परदेशी खेळाडू येऊ शकत नव्हते, म्हणून तात्पुरते बदली घ्यायला परवानगी मिळाली. अट एवढीच की त्यांना पुढच्या वर्षी कायम ठेवता येणार नाही. मुंबईने लिलावात न विकल्या गेलेल्या जॉनी बेअरस्टोला घेतलं आणि ३० मेच्या एलिमिनेटरमध्ये त्याने गुजरातविरुद्ध २२ चेंडूंत ४७ केल्या. एनएचएल बघणाऱ्या हॉकीवाल्याला हे सांगा, तो कपाळाला हात लावतो. मला हा तोरा पटत नाही. सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा थांबली होती, बदली सगळ्याच संघांना खुले होते आणि एरवीही आपल्याकडे बदलीसाठी बाराव्या साखळी सामन्यापर्यंतची स्पष्ट मर्यादा आहेच.

तरीही एका बाबतीत एनएचएलला दाद द्यावीच लागते. २०२०मध्ये साथीमुळे त्यांचाही हंगाम मोडला. उन्हाळ्यात पुन्हा सुरू करताना मिनेसोटाचा किरिल काप्रिझोव्ह आणि आयलंडर्सचा इल्या सोरोकिन यांच्याशी करार झाले, दोघांचे हक्क कित्येक वर्षं त्या त्या संघांकडेच होते. तरीही त्यांना फक्त सरावाची परवानगी मिळाली, सामने नाहीत. माझ्या मते ते अतिच झालं, पण अपवाद कुणालाच नव्हता. ड्राफ्ट न झालेल्या कॉलेजच्या मुलांवर अन्याय होतो, हे मात्र मान्य करायला हवं. आपला संघ स्वतः निवडायची मुभा त्यांना असते, पण संघ प्लेऑफमध्ये असताना त्यांना बर्फावर जागा नाही.

खरी पळवाट पगारात होती. टॅम्पाचा निकिता कुचेरोव्ह २०२०-२१चा अख्खा साखळी हंगाम कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. त्यामुळे संघाला त्याच्या पगाराएवढी कॅपमध्ये सवलत मिळाली आणि प्लेऑफला कॅप लागूच नव्हती. तो पहिल्या सामन्यापासून परतला, ३२ गुणांसह (गोल आणि हातभार मिळून) सर्वांत पुढे राहिला आणि टॅम्पाने विजेतेपदाचा कप जिंकला. नियमात बसत होतं, तरी बाकीच्यांना ते वर्षानुवर्षं खुपत राहिलं. २०२५-२६पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या २० जणांचा पगार कॅपमध्ये (२०२५-२६ला ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती) बसवावा लागतो. म्हणजे मूळ पगार दहा लाख डॉलरच्या आत असलेला, यादीत आधीपासून असलेला ड्राफ्टचा पोरगा एप्रिलमध्ये संघांना आणखीच हवाहवासा वाटणार.