पणजीचा ४०३००१ : शेवटी उलगडला

चवथीच्या सुट्टीत हाती घेतलेला ४०३००१ काल रात्री पुरा झाला. पणजीचा पिनकोड; तो मूळ संख्या आहे का, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच त्याला भाग जात नाही का, ते पाहायचं होतं. बाकीचे पटापट पडले होते: वास्कोचा ४०३८०२ सम, फोंड्याच्या ४०३४०१ ला तीनाने भाग जातो, मडगावच्या ४०३६०१ ला अकराने, म्हापशाच्या ४०३५०७ ला तेराने. पणजी मात्र हलेना.

वर्गमूळ ६३४.८ च्या आसपास, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या तपासायच्या. मी भागाकार हातानेच करतो. तसं केल्याशिवाय संख्येची ओळख होत नाही. १३ आणि ३१ लगेच बाद झाले, कारण ४०३००० = १३ × ३१ × १०००. खरा धसका दिला ४३९ ने. ४३९ × ९१८ = ४०३००२. एकाने हुकलं! गुणाकार तीनदा तपासला. ६३१ ला बाकी ४२३ आली तेव्हा पेन खाली ठेवलं. मूळ संख्या.

त्याच बाक्यांवरून ४०३००३ चाही निकाल लागला. एकही बाकी विभाजकापेक्षा बरोबर दोनने कमी नव्हती, म्हणजे तीही मूळ. दोनच्या अंतरावरच्या दोन मूळ संख्या, म्हणजे जोडमूळ जोडी! मधल्या ४०३००२ च्या अंकांची बेरीज ९, आणि त्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद, म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी.

४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. ते वर्ग शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ००१ असल्याने दोघांपैकी एक पाचाच्या पटीत हवा, आणि दुसऱ्याला २५ ने भागून बाकी १ किंवा २४. १७६ ला फार जवळ गेलो: त्याचा वर्ग वजा करून उरलेल्याला २५ ने भागलं तर १४८८१, तो हवा होता वर्ग, पण १२२ चा वर्ग १४८८४. मग २९९ ला जमलं: ५६०² + २९९² = ३१३६०० + ८९४०१. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

राहिली देवळाली संख्येची परीक्षा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची (१९०५–१९८६) ही कल्पना, हर्षदही त्यांचीच. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, ती देवळाली, म्हणजेच स्वयंभू. ४०३००१ चा जनक, म्हणजे अंकांची बेरीज मिळवल्यावर ४०३००१ देणारी संख्या, असलाच तर ४०२९ ने सुरू होणारा. त्या चार अंकांची बेरीज १५, म्हणजे ४०२९१५ झाले, उरले ८६. दशकाचा अंक अ, एककाचा ब घेतला तर ११अ + २ब = ८६. अ सम हवा. ६ घेतला तर ब दहा होतो, ८ घेतला तर एकट्याचेच ८८. चारला तर ब २१ वर जातो. जनक नाही!

शेजारणींना आहेत: ४०२९७५ पासून ४०३००२, ४०२९८० पासून ४०३००३. पणजी तेवढी स्वयंभू.