आमची वाटचाल : भाव कोरड्या वजनावर

माणदेशात पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर, तोही लहरी. अशा पट्ट्यात संकरित नेपियर गवतापासून ब्रिकेट, म्हणजे पांढरा कोळसा, तयार करायचा म्हटल्यावर बँकेतही आणि गावातही एकच प्रश्न आला : दुष्काळात मशीनमध्ये काय घालणार? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधताच आमचा धंदा घडला.

नेपियर एकदा लावलं की बरीच वर्षं टिकतं. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन लांबलं, विहिरीनं तळ गाठला, की आधी दुपारी पानं गुंडाळतात. पर्णरंध्रं मिटतात. मग कांड्या आखूड पडतात, फुटवे कमी येतात, खालची पानं वाळून गळतात. शेतकऱ्याला वाटतं पीक गेलं. पण झाडानं वाढ थांबवलेली असते. बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर ते तग धरतं आणि पाऊस झाला की त्याच साठ्यावर नवे फुटवे फेकतं. पाण्याच्या ताणातही पुन्हा पुन्हा, जमिनीलगत कापत राहिलं की हा साठा संपतो आणि ठोंब मधून मरायला लागतो. म्हणून उन्हाळ्याआधीच्या शेवटच्या कापणीत वीतभर बुडखा ठेवायचा, ही अट आमच्या करारात आहे, आणि ती आम्ही बांधावर जाऊन पाहतो.

सगळ्यात मोठा बदल केला तो वजनकाट्यावर. हिरव्या गवतात 80 टक्के पाणी असेल तर एका टनात कोरडा माल 200 किलो. ताणात पाणी 70 टक्क्यांवर आलं तर त्याच टनात 300 किलो. हिरव्या वजनावर भाव दिला तर ज्या वर्षी शेतकरी अडचणीत, त्याच वर्षी त्याचा दीडपट माल आपण जुन्याच पैशात उचलतो. हे मला कधीच पटलं नाही. आज प्रत्येक ट्रॉलीतला नमुना शेतकऱ्यासमोर सुकवून कोरड्या वजनावर पैसे देतो. आमचाही यात तोटा नाही; ब्रिकेटच्या प्रेसला माल 10-12 टक्के ओलाव्याचाच लागतो, आणि ताणातलं गवत मुळातच कमी ओलं, त्यामुळे सुकवणीचा खर्च वाचतो.

दुष्काळ फक्त वजन बदलत नाही, माल बदलतो. धांडा खुंटला की पाल्याचं प्रमाण वाढतं, आणि पाल्यात राख जास्त. बॉयलरमध्ये ती वितळून खडे धरते. आमच्या ब्रिकेट घेणाऱ्या इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसला, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला, हे चालत नाही, म्हणून ताणातलं गवत तूरकाठ्यांच्या भुशात मिसळून देतो. यीस्टनं आंबवून गवतापासून इथेनॉल करणाऱ्यांची अडचण तर याहून मोठी. 2012 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या स्विचग्रास या गवतापासून केलेल्या द्रावणात यीस्ट वाढेचना. ताणात गवतात विद्राव्य साखर साठली होती, आणि अमोनियाच्या प्रक्रियेत तिच्यापासून यीस्टला मारक संयुगं तयार झाली होती.

2018 च्या ऑक्टोबरात राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले. पुढच्या उन्हाळ्यात इकडे चारा छावण्या लागल्या. करारातलं गवत आम्ही मागितलं नाही. दावणीला जनावर उपाशी असताना त्याचा चारा बॉयलरमध्ये घालणारा कारखाना मला चालवायचा नाही. हे कलम आता लेखी आहे : दुष्काळ जाहीर झाला की गवत आधी गोठ्यात, मग कारखान्यात. त्या काळात आम्ही तूरकाठ्या आणि उसाच्या पाचटावर चालतो. एवढं मात्र सगळ्यांना सांगतो, की ताणानंतर पहिला पाऊस झाला की लगेच ते गवत पोटभर घालू नका, त्यात नायट्रेट वाढलेलं असू शकतं. थोडे दिवस थांबा आणि वाळल्या चाऱ्यात मिसळून द्या.

नवीन लागवडीला राहुरी कृषी विद्यापीठाची फुले जयवंत ही संकरित नेपियरची जात देतो. जुन्या रानात ठोंब मेले असतील तिथे जूनमध्ये नांग्या भरायला बेणं फुकट; त्याआधी शेवटच्या कापणीचा बुडखा तेवढा मोजतो.