स्टीव्हन्सबाईंचं विसावं गुणसूत्र

मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या शुक्रपेशीवर ठरतं, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतं. ते कोणी शोधलं, असं विचारलं की वर्ग गप्प. फार तर एखादी हुशार मुलगी फळमाशीवर काम करणारे शास्त्रज्ञ मॉर्गन यांचं नाव घेते. कोथरूडला माझ्याकडे बारावीची मुलं जीवशास्त्राला येतात. त्यांना मी आधी नेटी स्टीव्हन्स शिकवते, मॉर्गन नंतर.

स्टीव्हन्सबाईंचा जन्म १८६१चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. शाळेत शिकवलं, ग्रंथालयात नोकरी केली, आणि पस्तिशीत त्या स्टॅनफर्डला शिकायला गेल्या. ब्रिन मॉर कॉलेजातून डॉक्टरेट मिळाली १९०३ मध्ये, चाळिशी उलटल्यावर.

त्या काळी आहार, तापमान असल्या गोष्टींवर लिंग ठरतं असं मानणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते. बाईंनी मीलवर्म नावाच्या अळीपासून होणारे भुंगेरे घेतले (पक्षी पाळणाऱ्यांना याच अळ्या पुण्यातल्या दुकानांत मिळतात). मादीच्या पेशींत २० मोठी गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, दिसली. नराच्या पेशींत १९ मोठी आणि एक अगदी छोटं. शुक्रपेशी पाहिल्या तर निम्म्यांत १० मोठी, उरलेल्यांत ९ मोठी आणि ते छोटं. अंड्यांत मात्र १० मोठीच. म्हणजे फरक पाडणारी बाजू एकच, नराची. १९०५ मध्ये त्यांनी हे छापलं. भुंगेऱ्याच्या या जोडीला आजची एक्स आणि वाय ही नावं त्या निबंधात नाहीत. तिथे फक्त मोठं आणि छोटं आहे.

हे किती अवघड, ते स्लाइड केल्याशिवाय कळत नाही. आम्ही एमएस्सीला पावसाळ्यानंतर वेताळ टेकडीवरून नाकतोडे धरून आणायचो. वृषण ॲसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ दाब. अंगठा तसूभर सरकला की पेशींचा लगदा. गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली असायची, दर मोजणीला आकडा वेगळा यायचा. बाईंनी मोजणीच्या जोरावर एवढं मोठं विधान केलं, आणि पुढे भुंगेऱ्यांच्या अनेक जातींत, माश्यांतही तपासून पाहिलं.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात एडमंड विल्सन स्वतंत्रपणे तिथेच पोचले. त्यांचं काम मोठंच आहे. पण सुरुवातीला त्यांनी परिस्थितीच्या प्रभावाला थोडी जागा ठेवली होती. बाईंचा कौल जास्त स्पष्ट होता. मॉर्गन तर त्यांचे ब्रिन मॉरचे शिक्षक. गुणसूत्रांबद्दल तेही साशंक होते, १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाशीने त्यांना पटवलं. १९३३चं नोबेल त्यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. मात्र पुस्तकात फळमाशीला पानंच्या पानं आणि या भुंगेऱ्याला एक ओळही नाही, हे मला सहन होत नाही.

कारण ते माझ्या घरातलं आहे. वहिनीला तिसरी मुलगी झाली तेव्हा सदाशिव पेठेतल्या घरी आत्या तिच्या देखत म्हणाली, "हिच्या कुशीत मुलगा नाहीच." मी वहीचं पान फाडून आत्याला दोन प्रकारच्या शुक्रपेशी काढून दाखवल्या. "ते तुमच्या पुस्तकातलं," म्हणून तिने कागद बाजूला सारला. तेव्हा दादा पुढे आला. "आत्या, बोलायचंच असेल तर मला बोल. तिला नाही." वहिनी पहिल्यांदा उशीवरून मान उचलून बघायला लागली.

ब्रिन मॉरने शेवटी बाईंसाठी खास संशोधनाची प्राध्यापकी निर्माण केली. रुजू होण्याआधीच १९१२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय पन्नास.

परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, बोर्डाच्या पेपरात यांचं नाव लिहिलं तर मार्क कापतील का?" आकृती आणि स्पष्टीकरण बरोबर असेल तर कशाला कापतील, म्हटलं. आकृतीखाली १९०५ लिही आणि पूर्ण नाव लिही, नेटी मारिया स्टीव्हन्स.