मुस्तफा खेळायचा तर डबा टीव्हीवरच

पहिलेच सांगून टाकतो, मुस्तफासारखे जुने गेम पीसीवरून डबा टीव्हीवर (जुना ट्यूबवाला, सीआरटी) लावायचे असतील तर तो एचडीएमआय टू एव्हीवाला छोटा कन्व्हर्टर घेऊ नका. भुसावळच्या आतेभावाने तोच घेतला, मारिओ लावला आणि मला फोन करून म्हणे, "भो, याच्यापेक्षा मोबाईलवर बरं दिसतं." खोटं नाही बोलला तो.

होतं काय की टीव्हीचं नेहमीचं चित्र अर्धं-अर्धं येतं, एकदा विषम लाइनी, एकदा सम लाइनी. जुने कन्सोल आणि गेम पार्लरमधली मशीनं ही भानगडच करत नव्हती, ती दर वेळी त्याच त्या सव्वादोनशे ते दोनशे चाळीस लाइनी सेकंदाला ६० वेळा काढायची आणि मधली जागा काळी राहायची. लहानपणी स्क्रीनला नाक लावून बसल्यावर ज्या आडव्या काळ्या रेषा दिसायच्या ना, त्या याच. याला २४०पी म्हणतात. तो कन्व्हर्टर पीसीचं मोठं चित्र दाबून ४८०आय, म्हणजे तेच अर्धं-अर्धंवालं, करून टीव्हीला देतो, मग ज्या लाइनी जागेवर थांबायला पाहिजे त्या नाचायला लागतात, बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि वरून बटण दाबल्यावर उडी उशिरा.

मग व्हीजीएची वायर कापून सरळ टीव्हीला जोडू का, असं पण विचारतात लोक. नका जोडू. टीव्ही सेकंदाला साधारण १५,७०० लाइनी काढतो आणि पीसीचा ६४० बाय ४८० मोड त्याच्या दुप्पट, ३१,५०० च्या आसपास. चित्र फाटलेलं येतं, आणि एखाद्या जुन्या सेटची एलओटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) उडाली तर मग बसा.

खरा रस्ता म्हणजे जुनं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड, ज्याला व्हीजीए नाहीतर डीव्हीआय-आय पोर्ट आहे. नवीन कार्डांना अ‍ॅनालॉग आउटपुटच नसतं त्यामुळे इथे जुनं तेच सोनं, एचडी ५४५० सारखी कार्डं जुने कॉम्प्युटर विकणाऱ्यांकडे धूळ खात पडलेली असतात, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारून बघा. त्यावर सीआरटी इमूड्रायव्हर नावाचा बदललेला ड्रायव्हर टाकायचा, तो ठराविक जुन्या रेडिऑनवरच चालतो, आणि त्याने कार्ड १५ किलोहर्ट्झ, म्हणजे टीव्हीच्या त्या सेकंदाला १५ हजारांवर लाइनी, द्यायला लागतं. जोडीला ग्रूव्हीमेम, पार्लरचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर. हे प्रत्येक गेमचा मूळ मोड स्वतःच बनवतं. आपला मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ३८४ बाय २२४ आणि ५९.६ हर्ट्झच्या आसपास चालतो, तर टीव्हीला बरोब्बर तेच मिळतं. मुस्तफा धावत जाऊन लाथ मारतो तेव्हा मागचं चित्र सरकताना एक झटका नाही, कडा पुसट नाहीत. एलसीडीवर कितीही फिल्टर लावा, हे येत नाही (माझं मत, भांडायला तयार आहे).

एक लक्षात ठेवा, विंडोज पूर्ण चालू होईपर्यंत टीव्ही बंदच ठेवायचा, कारण सुरुवातीची बायोस स्क्रीन ३१ किलोहर्ट्झचीच असते. सेटिंग करायला बाजूला दुसरा साधा मॉनिटर पाहिजेच.

आता टीव्हीच्या मागची भोकं. युरोपातल्या टीव्हीला स्कार्ट नावाचं रुंद सॉकेट असतं म्हणून त्यांचं सोपं, व्हिडिओवाले सगळे तेच दाखवतात, आपल्याकडच्या सेटला ते शोधत बसू नका. आपल्याकडे शेवटी शेवटी जे फ्लॅट डबे आले त्यातल्या बऱ्याच सेटला डीव्हीडीसाठी हिरवा-निळा-लाल कॉम्पोनंट असतो, तो असेल तर व्हीजीए ते कॉम्पोनंट ट्रान्सकोडर (सिग्नल बदलणारी डबी) लावायचा, चित्र एकदम स्वच्छ. नुसती पिवळी एव्ही पिन असेल तर एडी७२५ चिपवाला एन्कोडर लागतो, तो व्हीजीएचं चित्र एव्हीत बदलतो. चित्र थोडं मऊ येतं पण सेगाच्या गेमला ते उलट शोभतं, सॉनिकमधल्या धबधब्याच्या उभ्या रेघा एकमेकांत मिसळून आरपार पाण्यासारख्या दिसतात. मात्र आपले सेट पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झवाले, आणि गेम ६० चे, एनटीएससी पद्धतीचे, त्यामुळे फार जुन्या सेटवर रंग जातो नाहीतर चित्र वर-खाली पळतं. मेनूत कलर सिस्टीममध्ये एनटीएससी किंवा ऑटो आहे का ते विकत घेण्याआधीच बघा.

एवढा कुटाणा नको असेल तर रास्पबेरी पाय ३ नावाचा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्याच्या हेडफोनच्याच भोकातून एव्ही निघतो, कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोड १६ केला की २४०पी मिळतं. आणि घरात जुना व्हीजीए डबा मॉनिटर असेल तर त्याला २४० लाइनी १२० हर्ट्झवर द्यायच्या, ३१ किलोहर्ट्झचं गणित आपोआप बसतं, फक्त एक सोडून एक फ्रेम काळी करायची, नाहीतर पळताना सगळं डबल दिसतं.

माझा २९ इंची अमळनेरच्या एका भंगारवाल्याकडून आला. उचलायला दोघं लागले, आणि जिन्यात आईने अडवलंच, "हाई डबडं कसाले लई उना रे? घरमा जागा शे का?" चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलेलं होतं, म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी सप्लायमधले सुकलेले कपॅसिटर बदलले आणि काम झालं. हे स्वतः करायला जाऊ नका, पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि वायर काढून ठेवली तरी चार्ज आत राहतो. काकांनी जाड वायर लावून आधी तो चार्ज अर्थिंगला उतरवला, "टक्" असा आवाज आला तेव्हा मी दोन पावलं मागेच सरकलो.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कोणाकडे कॉम्पोनंटवाला २१ इंची पडून असेल तर भंगारात द्यायच्या आधी सांगा, मी येऊन घेऊन जाईन. २९ इंची आता परत जिना चढवणं नाही.