आमची वाटचाल: कोथरूड ते गुलमर्ग, बोर्डवरून

आमचं काम म्हणजे आठ ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना गुलमर्गला नेऊन स्नोबोर्डिंग, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरत खाली येणं, शिकवणं. ऑफिस कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आणि खरं काम काश्मीरमध्ये, समुद्रसपाटीपासून साधारण 2650 मीटरवर, तेही वर्षातले जेमतेम अडीच महिने. हे दोन्ही कसं काय जुळलं असं नवीन पालक हमखास विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

मी मुळात ट्रेकिंगवाली, सह्याद्रीत शाळेच्या मुलांचे कॅम्प घ्यायचे. गुलमर्गला गेले ते स्कीइंगचा बेसिक कोर्स करायला, आणि तिथे संध्याकाळी लिफ्ट बंद व्हायच्या आधी दोनचार लोकल पोरं बोर्डवरून अशी काही खाली यायची की मी स्की काढून ठेवून बघतच बसायचे. पुढच्या हिवाळ्यात परत गेले आणि टंगमर्गच्या, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याच्या गावातल्या, एका इन्स्ट्रक्टरकडे पहिल्यापासून बोर्ड शिकले. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, आज ते आमचे पार्टनर आहेत. फॉरेनर लोक सीझन संपल्यावर विकून जातात त्या जुन्या बोर्डांवर ते शिकलेले, पण शिकवण्याची हातोटी अशी की घाबरलेलं मूल दहा मिनिटांत त्यांच्याशी गप्पा मारायला लागतं.

गुलमर्ग जगभरातल्या बोर्डर्सना माहीत आहे ते गोंडोलामुळे, म्हणजे तिथल्या केबल कारमुळे. पहिला टप्पा 1998 ला कोंगडोरीपर्यंत सुरू झाला आणि दुसरा 2005 ला, तो थेट अफरवट शिखराच्या अंगावर 3900 मीटरच्या वर नेऊन सोडतो. वरचा पावडर स्नो, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, काय आहे ते पायाखाली आल्याशिवाय कळत नाही. पण खाली बेबी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या छोट्या उतारावर, आपली मुलं काय करत होती तर कोणीतरी भाड्याचा बोर्ड पायाला बांधायचा, जॅकेटला धरून तासभर ओढायचं, आईबाबांनी व्हिडिओ काढायचा, आणि मूल परत येताना एकच गोष्ट शिकून यायचं की बर्फावर पडलं की लागतं. मला ते बघवायचं नाही. सलग पाचसहा दिवस, एकाच इन्स्ट्रक्टरकडे, लेव्हलप्रमाणे शिकवलं तर हीच मुलं किती पुढे जातील हे मी आणि भाईजान रोज रात्री नून चाय (काश्मिरी खारा चहा) पीत बोलायचो, आणि त्यातूनच हे उभं राहिलं.

सुरुवातीला सगळ्यात मोठी अडचण आली बोर्डांची. भाड्याने मिळायचे ते बहुतेक मोठ्यांचे, दीडशे सेंटीमीटरच्या पुढचे आणि ताठ. नऊ वर्षांच्या मुलीला तो बोर्ड वळवताच येत नाही, तिच्या वजनाने तो वाकतच नाही, आणि मग पालकांना वाटतं आपल्या मुलीलाच जमत नाहीये. बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यामध्ये यायला हवा आणि नवशिक्यासाठी मऊ हवा. माझा भाऊ मेकॅनिकल इंजिनीअर, त्याने नोकरी सांभाळून हे खातं घेतलं. 110 ते 140 सेंटीमीटरचे सेकंडहँड बोर्ड जमवले, बूट जमवले, बोर्डच्या तळाला वॅक्स लावायची इस्त्री घेतली, धार लावायच्या कानशी घेतल्या, आणि अजूनही रोज संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या खोलीत तोच बसतो बोर्ड घेऊन. बुटाच्या बाबतीत तो फार कडक आहे, लेस आवळल्यावर गुडघा पुढे वाकवायला लावतो आणि टाच आत जराही उचलली गेली तर बूट बदलतो, मग मागे लाइन लागली तरी चालेल. टाच उचलली गेली की टो एजवर, म्हणजे बोर्डच्या पायाच्या बोटांकडच्या धारेवर, कंट्रोलच राहत नाही.

आता लेव्हलबद्दल, कारण आमचं सगळं त्यावरच उभं आहे. वय बघून किंवा आधी किती वेळा गेलाय ते विचारून आम्ही ग्रुप करत नाही. पहिल्या दिवशी सगळे सपाट जागेवर, एक पाय बांधून ढकलत चालायचं, वळायचं, पडायचं. पडायला आधी शिकवतो. नवीन बोर्डरचं सगळ्यात जास्त काय दुखावतं तर मनगट, कारण माणूस पडताना हात टेकतो. म्हणून मुठी मिटायच्या, पुढे पडलं तर कोपर ते मनगट या भागावर, मागे पडलं तर खाली बसल्यासारखं होऊन पाठीवर लोळायचं, हनुवटी छातीशी. हेल्मेट आणि रिस्टगार्ड नसेल तर आमच्याकडे बोर्डच मिळत नाही.

मग हील एजवर, टाचेकडच्या धारेवर, साइडस्लिप, म्हणजे बोर्ड उताराला आडवा ठेवून हळूहळू खाली घसरायचं आणि पाहिजे तिथे थांबायचं. त्यानंतर फॉलिंग लीफ, डावीकडे तिरकं, उजवीकडे तिरकं. इथपर्यंत बहुतेक मुलं खूश असतात कारण तोंड दरीकडे असतं, सगळं दिसतं. खरी परीक्षा टो एजची. तोंड डोंगराकडे, पाठ उताराकडे, खाली काय आहे दिसत नाही आणि शरीर ओरडून सांगतं की मागे रेल. मागे रेललं की खालची एज रुतते आणि क्षणात माणूस पाठीवर आपटतो. नाशिकची एक अकरा वर्षांची मुलगी होती, हील एजवर इतकी सुंदर की तिचे बाबा म्हणाले हिला आता चेअरलिफ्टवर न्या. भाईजान नाही म्हणाले. तिच्यासमोर, उताराच्या वरच्या बाजूला उभे राहिले, दोन्ही हात धरले आणि म्हणाले माझ्या टोपीकडे बघ, गुडघ्याने बुटाची जीभ दाब, खाली बघू नको. एक फूट घसरायचं, थांबायचं. परत एक फूट. अख्खी सकाळ तेवढंच. जेवणानंतर त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा, आणि ती स्वतःच्या स्वतः थांबली आणि तिथेच बर्फात बसून खदखदा हसायला लागली. बाबांना तेव्हा कळलं आपण सकाळी काय मागत होतो.

आमचा नियम तोच, दोन्ही एजवर स्वतः थांबता आलं की मगच वर. कोणाचंही मूल असो. यावरून पालकांशी वाद होतात, एकदोन फॅमिली रागावून दुसरीकडे गेल्यासुद्धा, पण हा नियम आम्ही सोडलेला नाही. कारण वर कोंगडोरीहून मेरीज शोल्डरला जाणारी चेअरलिफ्ट आहे, तिथला उतार लांब आहे, गर्दी आहे, आणि ज्याला थांबता येत नाही तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही घेऊन पडतो. ज्यांची वळणं सलग जुळायला लागली त्यांना आम्ही तिथे नेतो. त्यापुढच्या मुलांना कार्व्हिंग (बोर्ड न घसरवता धारेवर वळणं घेणं), उलट्या पायाने, म्हणजे एरवी मागे असतो तो पाय पुढे ठेवून चालवणं आणि छोट्या उड्या. कोल्हापूरचा एक मुलगा स्केटबोर्ड खेळून आलेला, त्याला पहिल्या तासापासून उड्याच मारायच्या होत्या, बॅलन्स अफलातून, पण त्याची टो एज कच्ची. त्यालाही तेच, आधी थांब. चौथ्या दिवशी त्याने उडी मारली आणि उभा राहून उतरला.

अफरवटच्या वरच्या टप्प्यावर मात्र आम्ही मुलांना नेत नाही, कितीही चांगला चालवत असला तरी. तिथे गोंडोलाजवळचा ठरावीक भाग सोडला की सगळा मोकळा डोंगर आहे, हिमस्खलनाचा धोका खराच आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये एका परदेशी स्कीअरचा त्यात जीव गेला.

धंद्याचं गणित आमच्यासाठी शाळेच्या कॅलेंडरवर अडतं. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांना यायचं असतं, पण चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरमधला चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ, सुरूच होतो 21 डिसेंबरला, तेव्हा बर्फाची खात्री नसते. चांगला थर जमतो जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत, आणि नेमक्या तेव्हा इकडे युनिट टेस्ट, गॅदरिंग, दहावीच्या प्रिलिम्स. म्हणून आम्ही मुख्य बॅच 26 जानेवारीला धरून लावतो आणि शाळेला द्यायला पत्र देतो, काही मुख्याध्यापक आनंदाने सोडतात, काही नाही.

2021 च्या हिवाळ्यात परदेशप्रवास बंद म्हणून गुलमर्गला तुफान गर्दी झाली, आमच्याकडेही फोन थांबेनात. तेव्हा इन्स्ट्रक्टर न वाढवता बॅच मोठ्या करता आल्या असत्या, पण चार मुलांमागे एक इन्स्ट्रक्टर यापेक्षा जास्त आम्ही घेतले नाहीत. भावाचं आणि माझं त्यावर बरंच बोलणं झालं, कारण पैसा समोर दिसत होता. नंतर जानेवारी 2024 आला आणि गुलमर्ग अक्षरशः तपकिरी. गवत दिसत होतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धासुद्धा पुढे ढकलल्या गेल्या. आम्ही जानेवारीच्या बॅच रद्द करून पालकांना पूर्ण फी परत दिली आणि इन्स्ट्रक्टरना ठरलेले पैसेही दिले, कारण त्यांचं वर्षाचं घर याच दोन महिन्यांवर चालतं. कोथरूडच्या ऑफिसचं भाडं त्या वर्षी माझ्या ट्रेकिंग कॅम्पनी भरलं. जानेवारी सरता सरता बर्फ पडायला लागला आणि फेब्रुवारीची बॅच झाली, तेवढा आधार. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला जे झालं त्यानंतर पालक घाबरले, साहजिकच आहे. कोणालाही आग्रह केला नाही, जे विचारत होते त्यांचं भाईजानशी थेट बोलणं करून दिलं.

एक गोष्ट मला मनापासून आवडते ती म्हणजे आता टंगमर्गच्या मुली आमच्याकडे शिकायला येतात. गावातल्या मुलांना आम्ही सीझनच्या शेवटी, मार्चमध्ये, बोर्ड फुकट देतो आणि आमचे इन्स्ट्रक्टर शिकवतात. त्यातल्या दोघी आता लहान मुलांच्या ग्रुपला मदत करतात आणि सगळ्यात छोट्या मुली त्यांच्याच मागे मागे असतात.

पुण्यात जून ते डिसेंबर आमचं रविवारी बॅलन्स बोर्ड आणि लाँगबोर्डचं सेशन असतं. गुडघे वाकवून उभं राहणं, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवणं, ही सवय इथे लागली तर तिकडचा एक दिवस वाचतो. कुठला पाय पुढे हेही इथेच ठरवतो, मोजे घालून फरशीवरून घसरायला लावतो आणि मूल आपणहून जो पाय पुढे टाकतं तो बघतो.

पुढच्या सीझनची नोंदणी गणपती झाल्यावर सुरू करतोय. वरच्या लेव्हलच्या मुलांसाठी या वेळी वेगळी दहा दिवसांची कोचिंग बॅच आहे, पण त्यात नाव घालायच्या आधी मुलाचा दोन्ही एजवर थांबतानाचा व्हिडिओ पाठवावा लागेल. बाकीच्यांनी उंची, वजन आणि बुटाचा नंबर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत मोजून कळवा, या वयात दोन महिन्यांत पाय वाढतो आणि भावाला बूट आधी काढून ठेवावे लागतात.