राजानेच फोडला का?

नेपाळचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, 'राजेशाहीत कम्युनिस्ट पक्ष फुटला, म्हणजे मागे राजाच असणार ना?' आपल्याकडे पक्ष फुटला की आधी कोणी फोडला तेच बघतात, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, १९९८ साली एमाले या कम्युनिस्ट पक्षातून 'माले' हा गट वेगळा झाला तेव्हा राजा बीरेंद्र यांना काही करावंच लागलं नाही.

एमाले हा तेव्हाचा मोठा कम्युनिस्ट पक्ष. १९९४-९५ मध्ये मनमोहन अधिकारींनी त्याचं नऊ महिने अल्पमतातलं सरकारही चालवलं होतं. ठिणगी पडली ती भारत-नेपाळ सीमेवरच्या महाकाली नदीच्या पाण्यावरून. त्या पाण्याच्या १९९६ च्या करारावर भारतातर्फे सही होती नरसिंह रावांची (आपल्या रामटेकचे माजी खासदार!) आणि नेपाळतर्फे तिथल्या नेपाळी काँग्रेसचे तेव्हाचे पंतप्रधान देउबा यांची. करार संसदेत मंजूर करायचा की नाही, यावर एमाले उभा चिरला. त्यात पक्षाचे नेते माधवकुमार नेपाळ आणि बामदेव गौतम यांची खुर्चीची चढाओढ. नेपाळगंजच्या अधिवेशनात ती विकोपाला गेली आणि मार्चमध्ये बामदेव, सहाना प्रधान, सी. पी. मैनाली चाळीसहून अधिक खासदार घेऊन बाहेर पडले.

गंमत पुढेच आहे. राष्ट्रहिताच्या नावाने कराराला विरोध करत बाहेर पडलेली ही मंडळी ऑगस्टमध्ये गिरिजाप्रसाद कोइरालांच्या सरकारात मंत्री झाली. म्हणजे करार करणाऱ्या काँग्रेसच्याच मांडीला मांडी लावून! डिसेंबरात बाहेरही पडली. तत्त्व वगैरे मला तरी यात फारसं दिसत नाही.

१९९९ च्या निवडणुकीत मालेला सहा टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा? शून्य. दोन्ही गटांच्या मतांची बेरीज काँग्रेसपेक्षा जास्त भरत होती. पण मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, असा हिशेब असल्यामुळे २०५ पैकी १११ जागा काँग्रेसने नेल्या.

फेब्रुवारी २००२ मध्ये बामदेव परत एमालेत आले. मैनालींनी मात्र मालेची पाटी उतरवली नाही. मे महिन्यात पंतप्रधान देउबांच्या शिफारशीवरून संसदच विसर्जित झाली, आणि ऑक्टोबरमध्ये बीरेंद्रांनंतर गादीवर आलेल्या राजा ज्ञानेंद्रांनी देउबांनाच बडतर्फ करून सत्ता हातात घेतली. त्यात राजाचा हात होता का असं विचाराल, तर बेधडक हो म्हणेन.